विमान रद्द करा, पण रात्रीची गाडी सुटायच्या आत सांगा

प्रति,
कोल्हापुरातून विमानसेवा देणाऱ्या सर्व कंपन्यांचं व्यवस्थापन, आणि
नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, नवी दिल्ली

महोदय,

मी कोल्हापुरात लक्ष्मीपुरीत तिकिटांचा व्यवसाय करतो. रेल्वे, लक्झरी, विमान, तिन्हीची तिकिटं माझ्या एकाच काउंटरवर निघतात. विमान वेळेवर उडालं की कौतुक तुमचं आणि रद्द झालं की फोन मला, असा आपला आजवरचा व्यवहार आहे. धंदा म्हटला की हे आलंच. पण गेल्या आठवड्यात तुमच्यापैकी एका कंपनीनं मुंबईचं सकाळचं विमान ज्या पद्धतीनं रद्द केलं, त्यानंतर गप्प बसणं मला जमेना.

मेसेज आला रात्री साडेअकराला. ‘ऑपरेशनल कारणांमुळे आपलं उड्डाण रद्द करण्यात आलं आहे. गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.’ खाली एक लिंक. ती उघडली की दोन पर्याय: परवाचं विमान किंवा रिफंड. त्या विमानानं कागलकडचं एक वयस्कर जोडपं जाणार होतं. आजोबांची मुंबईत कर्करोगाच्या इस्पितळात तपासणी होती. तिथली वेळ हुकली की पुढची कधी मिळेल, हे ज्यांच्या घरात हा आजार शिरलाय त्यांनाच विचारावं. मी त्या वेळी त्यांना काय सांगणार होतो? मुंबईची रात्रीची रेल्वे, महालक्ष्मी एक्सप्रेस, केव्हाच मिरज ओलांडून गेलेली. कावळा नाक्यावरच्या स्लीपर कोच बस सुटलेल्या. शेवटी त्यांच्या पुतण्यानं घरची गाडी काढली. दिवसभर शेतात राबलेला पोरगा रात्रभर हायवेला गाडी चालवत गेला आणि आजोबा मागच्या सीटवर पाय दुमडून पडून होते. तपासणीची वेळ गाठली त्यांनी. पण ती पुतण्यानं गाठून दिली, तुम्ही नाही.

हेच विमान संध्याकाळी सहाला रद्द झालं असतं, तर मी त्यांच्यासाठी महालक्ष्मीला करंट बुकिंगमध्ये, म्हणजे ऐन वेळी उरलेल्या जागांत, जागा बघितली असती. नसती मिळाली तर स्लीपर कोचचा खालचा बर्थ हमखास दिला असता. दोघं झोपून गेले असते आणि सकाळी मुंबईत उतरले असते. या पत्रात मी बाकी बरंच लिहिणार आहे, पण माझं मुख्य भांडण त्या पाच-साडेपाच तासांचं आहे.

तुमच्या मुख्य कार्यालयातल्या माणसाला कदाचित हे कळत नसेल, म्हणून सांगतो. पुणेकराचं मुंबईचं विमान चुकलं तर त्याला तासातासाला काहीतरी मिळतं. आमच्याकडून मुंबई पावणेचारशे किलोमीटर, आणि जायच्या सोयीच्या वाटा सगळ्या रात्रीच्या. सकाळची कोयना एक्सप्रेस पकडली तर पोचेपर्यंत दिवस मावळतो. सातारा ते कागल रस्त्याचं सहापदरीकरण सुरू झाल्यापासून गाडीनं किती तास लागतील याचा भरवसा कुणी देत नाही. आणि पंचगंगेनं मनावर घेतलं तर शिरोलीजवळ महामार्गच पाण्याखाली जातो. 2019 आणि 2021 या दोन्ही वर्षी तो गेला होता. म्हणून रात्र निसटली की कोल्हापूरकराचा दुसरा दिवसही निसटतो.

विमान नको असं म्हणणारा माणूस माझ्या दुकानात आजवर आलेला नाही, हेही लिहून ठेवतो. उलट या गावाला विमानाचं भारी वेड. छत्रपती राजाराम महाराजांच्या काळात, 1939 साली, उजळाईवाडीच्या माळावर धावपट्टी सुरू झाली. देशातल्या कितीतरी मोठ्या शहरांना तेव्हा विमान ठाऊक नव्हतं. नंतर बरीच वर्षं ती धावपट्टी नावालाच राहिली. कधी सेवा सुरू व्हायची, कधी बंद पडायची, आणि पेपरात ‘लवकरच विमानसेवा’ असा मथळा यायचा. 2018 मध्ये छोटी शहरं स्वस्तात विमानानं जोडायच्या केंद्राच्या उडान योजनेत मुंबईला छोटं विमान सुरू झालं, तेही टिकलं नाही. मग एकेक शहर जोडलं गेलं, धावपट्टी वाढली, रात्री विमान उतरायची सोय झाली आणि 10 मार्च 2024 रोजी जुन्या वाड्यांच्या धाटणीच्या कमानींचं नवं टर्मिनल उघडलं. त्या दिवशी इथल्या लोकांनी नुसतं टर्मिनल बघायला म्हणून सहकुटुंब चक्कर मारली होती. विमानतळापेक्षा आत चहा कितीला मिळतो याची चर्चा जास्त झाली, ते सोडा.

आणि विमानाचं सुख काय असतं, तेही मी रोज बघतो. हुपरीकडच्या एक आजी पहिल्यांदाच निघाल्या होत्या, नातवाकडे बेंगळुरूला. नऊवारी, कपाळाला ठसठशीत कुंकू, कमरेला चंची. सुरक्षा तपासणीत चंचीतनं अडकित्ता निघाला. तपासणाऱ्या पोरीला तो काय प्रकार आहे तेच कळेना. आजींनी तिला सुपारी कातरून दाखवायची तयारी केली! अडकित्ता अर्थातच मागं राहिला, निरोप द्यायला आलेल्या लेकानं तो घरी नेला. बेंगळुरूला उतरल्यावर आजींचा मला फोन: “बाबा, ढग खाली असत्यात की रं.” असा फोन आला की माझ्या दिवसाचं सोनं होतं.

मुंबईला जाताना आभाळ मोकळं असेल तर खिडकीतनं आधी उसाचे हिरवे तुकडे आणि त्यातनं वळत गेलेली नदी दिसते, मग सह्याद्री, मग कोयनेचा शिवसागर पसरलेला. रात्रभराच्या प्रवासाचा तासाभरात निकाल. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीतला फौंड्रीवाला कास्टिंगचा नमुना बॅगेत टाकून मुंबईतल्या गिऱ्हाइकाला दाखवतो आणि जमलं तर जेवायला घरी. ऑगस्ट 2025 मध्ये कोल्हापुरात उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं, तेव्हापासून वकील उलट्या दिशेनंही येऊ लागलेत. सहा जिल्ह्यांची कामं इथं चालतात. म्हणजे गर्दी आहे, गरज आहे, खिशातून पैसे काढायची तयारीही आहे. आता तुमच्या बाजूचं बोलू.

रद्द होण्यामागं कारणं असतात, हे मला मान्य आहे. जुलैत इथं ढग माळाला टेकतात, तेव्हा धावपट्टी दिसली नाही म्हणून वैमानिक परत फिरला तर त्याला मी दंडवतच घालीन. मुंबईत विमान उतरवायला जागा आणि वेळ मिळणं किती अवघड, तेही ठाऊक आहे. पण मला चीड येते ती ‘ऑपरेशनल’ या पांघरुणाची. महासंचालनालयाच्या नियमात कारणाला किंमत आहे. हवामान, हवाई वाहतूक नियंत्रण, संप, सुरक्षेचा धोका अशी कंपनीच्या हाताबाहेरची कारणं असतील तर भरपाई द्यावी लागत नाही. कारण कंपनीचं स्वतःचं असेल आणि वेळेत कळवलं नसेल, तर एका तासापर्यंतच्या उड्डाणाला 5,000 रुपये, एक ते दोन तासांच्या उड्डाणाला 7,500 रुपये, किंवा मूळ भाडं अधिक इंधन आकार, यातली जी रक्कम कमी असेल ती, अशी भरपाई नियमात लिहिलेली आहे. त्यामुळे कारण मोघम लिहिलं की प्रवाशाचा हक्क आहे की नाही हेच कळत नाही. भांडायचं कशावर? कॉल सेंटरवरच्या पोरीला विचारलं तर तीही तेच वाक्य पुन्हा म्हणते, फक्त आधी ‘सर’ लावून.

दुसरं असं की उशीर होणार हे तुम्हाला आमच्या कितीतरी आधी माहीत असतं. छोट्या मार्गांवर एकच विमान दिवसभर तीन-चार गावं फिरतं. सकाळी पहिल्या गावात ते अडकलं की संध्याकाळी कोल्हापूरला उशीर होणार, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. आता कुठलं विमान कुठं आहे ते मोबाइलवर आम्हालाही दिसतं. दुकानात बसून मी बघतो: विमान अजून दुसऱ्या राज्यात जमिनीवर उभं, आणि तुमच्या ॲपवर आमचं उड्डाण हिरव्या अक्षरांत ‘वेळेवर’. सुटायच्या वेळेला दहा मिनिटं असताना ते अचानक ‘चाळीस मिनिटं उशिरा’ होतं, मग ‘दीड तास’, मग ‘पावणेदोन’. दोन तासांचा आकडा यायच्या अलीकडं हे घड्याळ किती वेळ रेंगाळतं, ते एकदा बघण्यासारखं आहे. अडीच तासांपर्यंतच्या उड्डाणाला दोन तास उशीर झाला की खाणंपिणं द्यावं लागतं, हा नियम तुम्हालाही पाठ असावा.

एकदा असाच उशीर लांबत गेला तेव्हा एका पाटलांनी मला फोनवर जे विचारलं, ते तसंच लिहितो. “आवो, इमान उडणार हाय का न्हाई, तेवढं सांगा. न्हाई म्हटलासा तरी चालंल.” तुमच्या ग्राहकसेवेच्या प्रशिक्षणात हे वाक्य भिंतीवर लावायला हरकत नाही.

पैशाबद्दल. रिफंडचा पर्याय निवडला की रक्कम पुष्कळदा ‘क्रेडिट शेल’मध्ये जाऊन बसते, म्हणजे तुमच्याच कंपनीकडे, पुढच्या प्रवासासाठी. नियम सांगतो की पैसे तसे ठेवायचे की परत घ्यायचे हे प्रवाशानं ठरवायचं, कंपनीनं परस्पर नाही. कागलच्या त्या आजोबांना ‘पुढचा प्रवास’ म्हणून काय सांगू मी? तिकीट एजंटाकडून काढलेलं असलं तरी रिफंडची जबाबदारी कंपनीचीच, हेही नियमात स्पष्ट आहे. तरीही मला ‘एजंटाशी बोला’ असं सांगितलेल्या माणसांचे फोन येतात, आणि एजंट मीच! आणखी एक गोष्ट लोकांना ठाऊक नसते, म्हणून इथं जाहीर लिहितो: तिकीट ‘नॉन-रिफंडेबल’ असलं, अगदी विमान चुकलं, तरी त्यातले सरकारी कर आणि विमानतळाचे आकार प्रवाशाला परत मिळायला हवेत. मागितल्याशिवाय ते कुणी देत नाही. मी मागतो, म्हणून काही कंपन्यांना मी आवडत नाही.

भाड्याचं तर विचारूच नका. नवरात्रात, दिवाळीत, गणपतीत भाडं कुठं जातं ते बघून माणूस महालक्ष्मीचं वेटिंग पत्करतो. मागणी वाढली की भाव वाढणार, हे व्यापाऱ्याला कुणी शिकवायला नको. पण त्याला वरची मर्यादा घालता येत नाही, हे मला पटत नाही. उडान योजनेत ठरावीक आसनांना तासाभराच्या प्रवासासाठी 2,500 रुपयांच्या आसपास मर्यादा होतीच. डिसेंबर 2025 मध्ये देशभर हजारो उड्डाणं रद्द झाली आणि भाडी आभाळाला टेकली, तेव्हा सरकारनं ठरवलं की 500 किलोमीटरपर्यंत 7,500 रुपयांच्या वर मूळ भाडं घ्यायचं नाही. म्हणजे मनात आलं तर करता येतं.

सीट निवडायचे पैसे, बॅगेच्या जादा किलोचे पैसे, ॲपवरच्या ‘सोयी’चे पैसे, यावर मी वेळ घालवत नाही. एवढंच की 12 वर्षांपर्यंतच्या मुलाला त्याच तिकिटावरच्या आई किंवा वडिलांपैकी एकाजवळ बसवायचं, असं महासंचालनालयानं 2024 मध्ये बजावलंय. त्यासाठी आईनं काउंटरवर हात जोडायची पाळी येऊ नये.

नावांचा घोळ मात्र सांगितलाच पाहिजे, कारण तो खास आमच्याकडचा आहे. आधारवर ‘आण्णासो’, पॅनवर ‘अण्णासाहेब’, मतदार ओळखपत्रावर नुसतं ‘आण्णा’. तिन्ही एकच माणूस, गावात सगळे त्यांना सरपंच म्हणतात. तुमच्या यंत्राला मात्र ते तीन वेगळे प्रवासी वाटतात. ‘सो’ म्हणजे साहेब, हे इथल्या शेंबड्या पोरालाही कळतं. अशा दुरुस्तीला तिकीट रद्द करून नवं काढायला लावणं म्हणजे वाटमारी झाली.

आणि खोबरं. जोतिबाला गुलाल-खोबरं उधळतात, माणूस प्रसाद म्हणून खोबऱ्याची वाटी बॅगेत ठेवतो आणि तपासणीत अडकतो. सुक्या खोबऱ्यात तेल असतं, ते आपोआप तापून पेट घेऊ शकतं, म्हणून विमानात ते धोक्याच्या मालात गणलं जातं. हे समजावून सांगितलं की लोक निमूट ऐकतात. पण हे सांगायचं कधी? प्रसाद काढून ठेवायला लावताना नव्हे. तिकीट काढताना, मराठीत, एका ओळीत.

एवढं सगळं मी का मांडतोय, तर मला भीती वाटते. लोक वैतागले की विमान सोडतात, मग आसनं रिकामी जातात, आणि मग तुम्ही म्हणता की या मार्गावर प्रतिसाद नाही. सरकारी खर्चाचा हिशेब तपासणाऱ्या कॅगच्या 2023 च्या अहवालात उडान योजनेचा हिशेब आहे. तिसऱ्या फेरीपर्यंत 774 मार्ग दिले गेले, त्यातले 371 सुरू झाले, 112 मार्गांनी सवलतीची तीन वर्षं पुरी केली आणि त्यानंतर टिकले ते 54. त्या आकड्यांत बंद पडलेल्या मार्गांची कारणं अनेक असतील. माझ्या काउंटरवरून दिसणारं एक कारण सांगतो: एकदा ऐन वेळी विमान रद्द झालं की तो माणूस पुढचं महत्त्वाचं काम विमानाच्या भरवशावर ठेवत नाही. लग्न, कोर्टाची तारीख, ऑपरेशन असलं की तो आदल्या रात्रीच रेल्वेनं निघतो. मग तुमच्याकडे उरतो तो हौसेचा प्रवासी, आणि हौसेवर रोजचं विमान भरत नाही.

आता मागण्या. विमान कंपन्यांकडून मला हे हवंय:

दुसऱ्या दिवशी सकाळचं विमान रद्द होण्याची शक्यता असेल, तर आदल्या संध्याकाळी सहाच्या आत प्रवाशाला कळवा. नक्की नसेल तर ‘नक्की नाही’ असंच कळवा आणि त्या क्षणापासून विनाशुल्क रद्द करायची मुभा द्या. रेल्वेनं जायचं की थांबायचं, ते आमचं आम्ही बघून घेऊ.

मेसेजमध्ये खरं कारण लिहा. विमान बिघडलंय, कर्मचारी कमी आहेत, मुंबईत स्लॉट मिळाला नाही, जे असेल ते.

सहानंतर रद्द केलं तर आजारी माणसं, म्हातारी माणसं आणि परदेशाचं पुढचं विमान असलेल्यांना त्याच रात्री गाडीनं मुंबईला पोचवा, तुमच्या खर्चानं. मी हे फुकट मागत नाही; त्यांनी तिकिटाचे पैसे भरलेले आहेत.

बदल आणि रिफंडसाठी शहरात किंवा विमानतळावर अधिकार असलेला एक माणूस बसवा, ज्याला मराठी येतं. ‘अधिकार असलेला’ हे शब्द पुन्हा वाचावेत.

पैसे ज्या खात्यातून आले त्याच खात्यात परत जावेत, आणि आण्णासोंना अण्णासाहेब मानावं.

महासंचालनालयाकडे दोनच मागण्या. कोल्हापूरच्या प्रत्येक मार्गावर महिन्यात किती उड्डाणं ठरली होती, किती झाली, किती रद्द झाली आणि कोणत्या कारणानं, हे कंपनीवार दर महिन्याला मराठीत जाहीर करा. दुसरी, धुकं आणि ढग असताना विमान उतरवायला मदत करणारी कोणती उपकरणं इथं बसलेली आहेत, कोणती बसायची आहेत आणि कोणत्या तारखेपर्यंत, हे विमानतळाच्या दर्शनी भागात फलकावर लावायला सांगा. पाऊस दरवर्षी जूनमध्येच येतो, त्याची तारीख कुणी बदललेली नाही.

हे पत्र मी तुम्हा सगळ्यांना स्पीड पोस्टानंही धाडलंय, कारण ॲपवरच्या तक्रारीच्या चौकटीत ते मावलं नाही. उत्तर ईमेलनं दिलं तरी चालेल. फक्त ‘आपलं मत आमच्यासाठी मोलाचं आहे’ हे ठरलेलं वाक्य धाडू नका; सहा वाजताचं जमतंय का, तेवढं हो किंवा नाही लिहा. जे उत्तर येईल ते छापून मी दुकानात काउंटरच्या काचेखाली लावणार आहे, म्हणजे तिकीट काढायच्या आधी गिऱ्हाइकाला वाचता येईल.

आपला,
एक तिकीट एजंट
लक्ष्मीपुरी, कोल्हापूर